तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःचा दवाखाना का नाही टाकला?

लग्नात, ट्रेनमध्ये, माहेरी, सगळीकडे हाच प्रश्न. साडेअकरा वर्षं शिकलात, एंडोक्रायनॉलॉजीत, म्हणजे हार्मोनच्या आजारांत, डीएम केलंत, मग सरकारी कॉलेजात पेपर लिहीत का बसलात?

आधी एक सांगते, कारण ते ऐकायच्या आत लोक विषय बदलतात. मी पेशंट सोडलेले नाहीत. आठवड्याला दोन ओपीडी माझ्या आहेत आणि त्या दुपारी तीनपर्यंत चालतात.

नोकरीचं दुसरं वर्ष. विदर्भ, मे महिना. तेरा वर्षांची मुलगी, टाइप वन डायबेटिस, म्हणजे इन्सुलिनच्या सुईवरच जगणं. कीटोॲसिडोसिस होऊन, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचून, त्या उन्हाळ्यात दोनदा भरती झालेली. वॉर्डात साखर उतरायची, घरी गेली की पुन्हा चारशेच्या वर. मी निष्कर्ष काढून मोकळी झाले आणि तिच्या आईला सगळ्यांसमोर झापलं. ती एवढंच म्हणाली, "एकही सुई चुकली नाही जी, म्याडम." केसपेपरवर मी लिहिलं: डोस नियमित घेत नाहीत. खाली लाल रेघ मारली.

तिसऱ्यांदा तिला रात्री आणलं. श्वास खोल, भरभर, त्याला पिकल्या फळासारखा वास. पहाटे गेली.

आईने कमरेच्या पिशवीतून शिशी काढून माझ्यापुढे धरली. "अर्धी उरली जी. दुसऱ्या लेकराले चालन का?"

मी ती तळहातांत घोळवली. मिक्स इन्सुलिन घोळवलं की दुधासारखं एकसारखं व्हायला हवं. इथे पांढरे कण काचेला चिकटले ते चिकटलेच. घर पत्र्याचं, फ्रिज नाही, शिशी कोनाड्यात, बाहेर ४५ अंश. वॉर्डातून दिलेली नवी शिशीही त्याच कोनाड्यात गेली होती. आई खरं बोलत होती. सुई रोज टोचली जात होती, आतलं औषध उष्णतेने नासलेलं होतं.

तोवर संशोधन म्हणजे प्रमोशनपुरते पेपर, असं मी म्हणायची. त्या माझ्याशी मी अजून भांडते. ११ जानेवारी १९२२ ला टोरोंटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिनची पहिली सुई दिली, तिचा फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप या बायोकेमिस्टने त्या सुईतला अर्क प्रयोगशाळेत शुद्ध केला आणि बारा दिवसांनी दिलेल्या सुईने मुलगा सावरला. त्या बारा दिवसांत कॉलिप पेशंट तपासत नव्हता.

फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन गार कसं ठेवायचं, हे शोधायला मी मडक्यांकडे वळले. मडक्यात मडकं, मधे ओली वाळू, आत शिशी आणि थर्मामीटर. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात आत छान गारवा राहतो. ऑगस्टच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, मग मडकं तेवढं गार कसं होणार? म्हणजे इथला सल्ला कोकणातल्या आईला जसाच्या तसा देता येत नाही. हे नोंदी घेऊन, मोजून सांगायला वर्षं गेली आणि त्या वर्षांचं मला जराही वाईट वाटत नाही.

असं मी म्हणते खरी. पण त्या दिवशी आईवर विश्वास ठेवून शिशी मागितली असती, तर मुलगी कदाचित वाचली असती. त्याला संशोधन लागत नव्हतं, दोन मिनिटं लागत होती. मग मडक्यांमागे मी कुणासाठी धावले, तिच्यासाठी की त्या लाल रेघेसाठी?

गेल्या सोमवारी नोंदी तपासता तपासता ओपीडीला उशीर झाला. सकाळी सहापासून बसलेल्या एका आजींनी विचारलं, "कुठी होत्या जी तुम्ही?"

मला उत्तर देता आलं नाही. मी त्यांची शिशी मागितली.