क्यूटी डायरी: पावडर ब्लू, कॉपर आणि बाथरूममधले ५८ दिवस

आधी गुन्हा कबूल करून टाकतो. पावडर ब्लू टँग हा समुद्री मासा थेट मेन टँकमध्ये सोडला. क्वारंटाइन न करता, म्हणजे आधी वेगळ्या टँकमध्ये (क्वारंटाइन टँक, आमच्या भाषेत क्यूटी) न ठेवता. वर्षभर दुसऱ्यांना शहाणपणा शिकवणारा मी, पण दुकानात तो निळा रंग बघितला, दुकानदार म्हणाला "सर एकदम हेल्दी आहे, महिनाभर आहे माझ्याकडे", आणि झालं. (चार फुटी टँकमध्ये पावडर ब्लू नको, हे पण माहितीय. सहा फुटी बनवायला टाकलाय, ओरडू नका.)

चौथ्या दिवशी संध्याकाळी परांवर मिठाचे दाणे भुरभुरल्यासारखे सात-आठ ठिपके दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दोन, आणि परवापर्यंत एकही नाही. मी लसूण घातलेली कोळंबी देत होतो त्यामुळे वाटलं की लसूण लागू पडली, तीन लोकांना फोन करून सांगितलंसुद्धा. आठवड्याभरानं टँग आणि आधीपासूनचे मासे, दोन्ही क्लाऊन आणि सिक्स लाइन रास, चौघंही रव्यात घोळवून काढल्यासारखे दिसायला लागले. लसणीनं काहीही झालेलं नव्हतं. हा आजार मरीन इक, तो करणारा परजीवी क्रिप्टोकॅरिऑन, तो किडा माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस खातो पितो, मग गळून पडतो, दगडाला नाहीतर वाळूला चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत शेकडो पिल्लं तयार करतो. म्हणजे ठिपके गेले की आजार गेला असं नसतंच, तो फक्त खाली तळाला गेलेला असतो. मला हे पाठ होतं. तरी फोन केले.

वेल्वेट (दुसरा, जास्त जीवघेणा परजीवी आजार) नाही याची खात्री आधी केली. वेल्वेट असता तर ठिपके इतके मोजता आले नसते, पिठासारखी बारीक धूळ दिसली असती, मासे धापा टाकत पंपाच्या धारेसमोर जाऊन उभे राहिले असते आणि दोन-तीन दिवसांत खेळ खल्लास. माझे चौघं खात होते, श्वास थोडा जोरात पण ठीक. वेळ होता हातात.

दिवस १. क्यूटी कुठे ठेवायचा यावर घरात चर्चासत्र झालं. शेवटी छोटं बाथरूम मिळालं, अट एकच, आई आली की तिला कमोडपर्यंत जायला वाट हवी. दोन फुटी टँक, पाणी मोजून ७५ लिटर (बादलीनं मोजा, लांबी-रुंदीचा हिशोब करू नका, औषध या आकड्यावर ठरतं). वाळू नाही, दगड नाही, दोन्ही कॉपर (इकवरचं तांब्याचं औषध) शोषतात. लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसी एल्बो, सोल्युशन न लावलेले, रात्रभर भिजवून घेतलेले. स्पंज फिल्टर, हीटर, एअर पंप. आणि इथे माझी दुसरी चूक: स्पंज कोरा होता. मेन टँकच्या संपमध्ये (फिल्टरच्या टाकीत) एक जास्तीचा स्पंज कायम पडून असायला हवा होता म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया तयार मिळाले असते. नव्हता.

टँगला जाळीनं पकडू नका. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक पातं असतं, उगाच नाही सर्जनफिश म्हणत, ते जाळीत अडकतं आणि मासा धडपडून स्वतःलाच फाडून घेतो. मी श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा वापरला. तरी अंगठ्यावर ब्लेडसारखी रेघ आलीच.

दिवस २ ते ५. चिलेटेड कॉपर, हळूहळू चढवलं: १.०, १.५, २.०, आणि पाचव्या दिवशी २.३ पीपीएम (दहा लाखात २.३ भाग). टार्गेट २.२५ ते २.५. एकदम चढवलं तर मासे खाणं सोडतात, त्यात रास तर फारच नाजूक. खाली राहिलं तर काहीच उपयोग नाही, कारण कॉपर अंगावरच्या ठिपक्याला मारत नाही आणि कवचातल्याला पण मारत नाही, फक्त कवच फुटून पोहत माशाकडे निघालेल्या पिल्लांना मारतं. मारायची खिडकी तेवढी एकच, म्हणून लेव्हल तीस दिवस एकही दिवस खाली येता कामा नये.

आणि हे मोजायला रंगाच्या कार्डवालं टेस्ट किट घेऊ नका राव. त्या दोन निळ्यांमधला फरक ट्यूबलाइटखाली एक, खिडकीपाशी दुसरा. मी हॅनाचा एचआय७०२ मीटर घेतला, महाग आहे, पण दोन टँगपेक्षा स्वस्त. काचेच्या छोट्या बाटलीत १० मिली पाणी, आधी झिरो, मग पावडरची पुडी, हलवायचं, पाणी जांभळट होतं, परत मीटरमध्ये. पहिल्या दिवशी एकाच पाण्याचं रीडिंग १.९ आणि मग २.६ आलं, मीटर परत करायला निघालो होतो. बाटलीवर माझ्या बोटांचे ठसे होते. आता जुन्या सुती बनियनच्या तुकड्यानं पुसतो, बाटलीवरची खूण दोन्ही वेळा एकाच बाजूला ठेवतो, आकडा हलत नाही.

दिवस ८. अमोनिया ०.५. कोऱ्या स्पंजचं बिल आलं. आपण एरवी जे अमोनिया बांधणारं कंडिशनर टाकतो ते कॉपर असलेल्या पाण्यात टाकायचं नाही, तांबं जास्त विषारी रूपात जातं, म्हणजे उरला वॉटर चेंज. रात्री साडेअकराला २० लिटर काढलं, २० लिटर ताजं खारं पाणी घातलं, तापमान जुळवलं, सॅलिनिटी (खारटपणा) १.०२५ जुळवली, सगळं कसं शिस्तीत.

दिवस ९. मीटर: १.७६.

नव्या पाण्यात कॉपर घालायलाच विसरलो होतो! बाष्पीभवनानं कमी झालेलं पाणी भरताना नुसतं आरओ घालायचं कारण कॉपर उडून जात नाही, पण काढलेल्या पाण्याबरोबर ते जातं, त्यामुळे बदललेल्या पाण्यात तेवढंच परत घालावं लागतं. तिसरीतल्या पोराला कळेल असं गणित, आणि मी सीए आहे. दिवसभरात दोन टप्प्यांत २.४ वर आणलं आणि फ्रीजवरच्या कॅलेंडरवर मोजणी पुन्हा एकपासून, दहाव्या दिवसापासून. बायकोनं त्या चौकटीत लाल पेननं "पुनश्च हरि ओम" लिहून ठेवलंय.

यानंतर नियम केला, चेंजचं पाणी आदल्या रात्रीच बादलीत कॉपर घालून, मीटरवर मोजून ठेवायचं. बादलीवर मार्करनं मोठं "विष" लिहिलंय, कारण कामवाल्या मावशी एकदा त्याच पाण्यानं फरशी पुसायला निघाल्या होत्या. आणि ही बादली, हा मग, हा नॅपकिन मेन टँकच्या आसपास जायचा नाही, तिथे कोळंबी आणि गोगलगायी आहेत, त्यांना कॉपरचा थेंबही चालत नाही.

दिवस १७. रास गेली. आजारानं नाही. झाकणाच्या कोपऱ्यात एअर पंपाच्या नळीसाठी दोन बोटांची फट ठेवलेली, तिथून उडी मारली, सकाळी बादलीमागे वाळलेली सापडली. अंगावर एकही ठिपका नव्हता. त्या फटीवर आता मच्छरदाणीची जाळी आणि चिकटपट्टी आहे. याबद्दल जास्त लिहवत नाही.

दिवस १८ ते ३९. काही घडलं नाही आणि हेच हवं होतं. एकदा दुपारी तीन तास लाइट गेली, सेलवरच्या एअर पंपानं निभावून नेलं. उकाड्यात पाणी ३१ पर्यंत गेलं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी धरतो म्हणून टेबल फॅन पाण्यावर लावला तर २८.५ वर आलं. टँग आठवडाभर नुसती नोरी खायचा, सुशीवाली, बिनमिठाची, मग कोळणीकडची ताजी कोळंबी बारीक चिरून, धुऊन दिली तर तुटून पडला. क्लाऊन काय, टाकाल ते खातात.

दिवस ४०. कॉपर बंद. मोठे वॉटर चेंज आणि फिल्टरमध्ये कॉपर शोषणारा कार्बन, चार दिवसांत मीटर ०.१ च्या खाली.

दिवस ४४. वाटलं संपलं. पण मोठा क्लाऊन दोन दिवस एल्बोला अंग घासत होता आणि एक डोळा धुरकट. शंका फ्लूक्सची, म्हणजे माशाला चिकटणाऱ्या चपट्या कृमींची, कारण कॉपर त्यांना मारत नाही. खात्री करायला गोड्या पाण्याची डिप दिली: काळ्या घमेल्यात आरओचं पाणी, तापमान तेच, पीएच खायच्या सोड्यानं वर आणलेला, एअरस्टोन आधीपासून चालू, पाच मिनिटं. पहिल्यांदा करणाऱ्यांनी घाबरू नका, मासा एका कुशीवर मेल्यासारखा पडतो, मी पण हात घालून बाहेर काढणार होतो. तिसऱ्या मिनिटाला काळ्या तळावर पांढरे तिळासारखे चपटे कण दिसायला लागले. अकरा मोजले. काळं घमेलं यासाठीच, निळ्या बादलीत एकही दिसला नसता.

म्हणजे फ्लूक्सच. मग प्राझिक्वांटेल हे कृमींचं औषध, तिघांनाही, ४५ व्या आणि ५२ व्या दिवशी. दोनदा अशासाठी की पहिला डोस अंड्यांना मारत नाही. या औषधात पाण्यातला ऑक्सिजन खाली जातो म्हणून दोन एअरस्टोन फुल्ल सोडलेले, बाथरूममध्ये भात शिजत असल्यासारखा आवाज.

तिकडे मेन टँक माशांशिवाय पडून आहे. ७६ दिवस ठेवणार, कारण इकचं कवच ७२ दिवसांपर्यंत तग धरून फुटल्याची नोंद आहे. लोक म्हणतात गरम पाण्यात ४५ दिवस पुरतात, पुरत असतील, मला आता कोणाशी पैज लावायची नाहीये. कोळंबीसाठी आणि बॅक्टेरियासाठी एक दिवसाआड चिमूटभर खाणं टाकतो. पाहुणे विचारतात, मासे कुठे गेले? मी बाथरूमकडे बोट दाखवतो. संपमध्ये दोन जास्तीचे स्पंज टाकून ठेवलेत, आणि सहा फुटीचं काम पूर्ण झालं तरी हा दोन फुटी मोडणार नाहीये, घरात तसं सांगितलेलं नाही अजून.

दिवस ५८, आज. अमोनिया शून्य, तापमान २८.४, सॅलिनिटी १.०२५. रात्री टँगच्या शेपटीवर एक पांढरा ठिपका दिसला. पोटात गोळा. स्टुलावर बसून टॉर्च मारून दहा मिनिटं बघत होतो, बाहेरून आईनं दोनदा दार वाजवलं. मग त्यानं शेपटी झटकली आणि ठिपका सुटून वर गेला, फुटला. एअरस्टोनचा बुडबुडा होता. अठरा दिवस राहिले.