चालण्याची शर्यत कोण बघतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी कॉलेजात रेसवॉकिंग करायचे हे कळलं की लग्नघरात, ट्रेनमध्ये, सगळीकडे हेच: "चालण्यात बघण्यासारखं काय आहे? कोण येतं बघायला?"

यायचे. तिकीट काढून यायचे. मार्च १८७८ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टनमधल्या अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्ये सर जॉन अ‍ॅस्टलींनी सहा दिवसांची शर्यत भरवली. शिकागोच्या डॅन ओलिअरीने ५२० मैल कापून ती जिंकली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गिलमोर्स गार्डनमध्ये इतकी गर्दी लोटली की सज्जाचा एक भाग कोसळला. आता तुम्ही म्हणाल, त्या शर्यतीत पळायलाही मुभा होती. होती. पण कोण किती मैल गेला, हे गॅलरीतल्या शेवटच्या माणसालाही कळत होतं.

सिडनीत तसं नव्हतं. २८ सप्टेंबर २०००, ऑलिम्पिकमधली महिलांची २० किलोमीटर चालण्याची शर्यत. इटलीची पेरोने आणि चीनची लिऊ होंगयू, आघाडीवरच्या दोघीही चालण्याचा नियम मोडला म्हणून बाद. पुढे उरली जेन सॅव्हिल, सिडनीचीच मुलगी. स्टेडियममध्ये शिरायचा बोगदा आला, आत लोक तिची वाट बघतायत, आणि तोंडावरच पंचाने लाल फलक दाखवला, म्हणजे तीही बाद. तिने डोकं धरलं. रडत रडत बाजूला झाली. तिच्या मागून आलेल्या वांग लिपिंगने सुवर्ण नेलं. ते चित्रीकरण मी आजही पूर्ण बघू शकत नाही. वीस किलोमीटर चाललेली बाई, शेवटचे काही मीटर राहिलेले, आणि तिचं काय चुकलं ते आतल्या एकालाही दिसलेलं नाही.

कॉलेजात असताना मी ठासून सांगायचे: पंचाच्या डोळ्यांना एक पाय सतत जमिनीला टेकलेला दिसायला हवा, पुढचा पाय टेकल्यापासून शरीराखाली येईपर्यंत गुडघा सरळ हवा, तीन पंचांची तीन लाल कार्डं म्हणजे बाद. नियम तो नियम. आजही पंचांवर माझा राग नाही. ते नसते तर ही पळण्याची शर्यत झाली असती. पण निकाल ज्यावर ठरतो तेच प्रेक्षकाला दिसत नसेल, तर त्याने खुर्चीला खिळून का बसावं? याचं उत्तर तेव्हाच्या मला देता आलं नसतं, आताही येत नाही. पाय जमिनीवरून सुटला की कळावं म्हणून बुटात चिप बसवायचे प्रयोगही झाले आहेत. त्याने निकाल अचूक लागेल, पण गॅलरीतल्या माणसाला दिसेल का?

सॅव्हिल पुन्हा उतरली आणि २००४ ला अथेन्समध्ये कांस्य घेऊन गेली. हे मात्र कोणी विचारत नाही.

तरी बघायचंच असेल, तर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली महिलांची १०,००० मीटर चालण्याची शर्यत बघा. भारताच्या प्रियांका गोस्वामीने रौप्य मिळवलं ती. ट्रॅकवर पंचवीस फेऱ्या, सगळं डोळ्यांसमोर. नजर पावलांवर नको, कमरेवर ठेवा.