भाताच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

खानापूर तालुक्यातल्या एका भजनी मंडळाने वर्गणी काढून रेकॉर्डिंगचं सामान घेतलं होतं. महिनाभर खटपट करूनही ऐकण्याजोगं काही निघेना, तेव्हा त्यांचा मला फोन आला. मी बेळगावात शहापूरला राहतो. लोकांच्या घरी छोटे स्टुडिओ लावून देणं, घेतलेलं सामान अडलं की जाऊन बघणं, हे माझं काम. एरवी असं बोलावणं आलं की मी आधी फोटो मागवतो. या वेळी थेट गाडी काढली, कारण फोनवरचा पोरगा म्हणाला, "बुवांचं वय झालंय ओ. त्यांच्या चाली आमच्यापैकी कुणालाच पुऱ्या येत न्हाईत."

हे ऐकून मला गप्प बसवत नाही. अभंगाचे शब्द गाथेत सापडतात, वहीत उतरून घेता येतात. चाल मात्र गळ्यातून गळ्यात जाते. या बुवांनी तरुणपणी कणकुंबीकडच्या आपल्या गुरूंकडून रूपाच्या अभंगांच्या (देवाच्या रूपाचं वर्णन करणाऱ्या) आणि गौळणींच्या चाली तोंडी घेतलेल्या. मलप्रभा जिथे उगम पावते त्या डोंगरातल्या या चाली. त्या दुसऱ्या कुठल्या मंडळात तशाच म्हटल्या जात असतील, असं मला वाटत नाही.

मार्गशीर्ष होता. मळण्या उरकल्या होत्या. पोराने मला थेट माडीवर नेलं. स्लॅबची नवी खोली, खाली फरशी, एका बाजूला मोठी काचेची खिडकी. भिंतींवर काळ्या फोमचे चौकोन ओळीने चिकटवलेले. मधोमध टेबलाला कात्रीसारखा उघडणारा स्टँड, त्यावर मोठा कंडेन्सर माइक, आणि शेजारी रंगीत बटणांचं साउंड कार्ड, ज्यावर टाळ्यांचा आणि हसण्याचा आवाज काढायची सोय होती. पोरगा पुण्याला नोकरीला असतो. सगळं त्यानेच ऑनलाइन मागवलेलं, आणि मंडळाचे पैसे वाया गेले या विचाराने तो अगदी खचलेला होता.

मी खोलीच्या मध्ये उभा राहून एक टाळी वाजवली. टर्रर्र असा परतीचा आवाज आला. समोरासमोरच्या दोन कडक भिंतींत आवाज चेंडूसारखा मागेपुढे होत होता. फोम लावलेला असताना हे कसं, असं त्याने विचारलं. इंचभर जाडीचा फोम फक्त वरच्या पट्टीचा आवाज शोषतो. आवाजाची लाट थोपवायला तिच्या लांबीच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकी जाडी असली तर खरा उपयोग. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. पखवाजाच्या डाव्या बाजूचा घुमारा त्याच भागातला. त्याला हा फोम दिसतच नाही. शिवाय चौकोनांमध्ये वीत-वीत जागा मोकळी. त्यामुळे खोलीतला उजळपणा थोडा गेला होता आणि घुमणं तसंच उरलं होतं. बुवांचा आवाज रिकाम्या पाण्याच्या टाकीतून आल्यासारखा का येतो, याचं कारण हेच.

माझ्या मते घरगुती रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त पैसा या पातळ फोमवर वाया जातो. तेच पैसे दोन इंची रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) पाट्या लाकडी चौकटीत बसवून भिंतीपासून थोड्या अंतरावर लावल्या असत्या तर कामी आले असते. पण फोम फोटोत स्टुडिओसारखा दिसतो, आणि लोक फोटो बघून खरेदी करतात.

दुसरं, ते साउंड कार्ड. कंडेन्सर माइकला चालायला वीज लागते, ४८ व्होल्टची फँटम पॉवर, आणि ती तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमधून जाते. या कार्डाला एक्सएलआरचं भोकच नव्हतं. माइक हेडफोनच्या बारीक पिनेने जोडलेला, त्यातून जेमतेम काही व्होल्ट मिळणार. माइक उपाशी चालत होता म्हणा. म्हणून आवाज बारीक, तो वाढवला की सूंऽऽ अशी कुरकुर.

आणि तिसरी गोष्ट खुद्द बुवांनी सांगितली. पोराने त्यांच्या कानाला इअरफोन लावून गायला सांगितलं होतं. बुवा दोन ओळी म्हणून थांबले. "कोण म्हणालंय गा माझ्या मागनं?" असं विचारलं आणि इअरफोन काढून ठेवले. पुन्हा लावायला तयार होईनात. लॅपटॉप आवाज आत घेतो, त्याचे गठ्ठे करतो आणि मग बाहेर सोडतो. सेटिंग बघितलं तर गठ्ठा १०२४ नमुन्यांचा, नमुना म्हणजे लॅपटॉपने आवाजाचं घेतलेलं एकेक माप. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने एका बाजूचे २३ मिलिसेकंद, जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास. जन्मभर लयीत राहिलेल्या माणसाला ते कळणारच. घरातल्यांना वाटलं बुवांना यंत्र झेपत नाही. यंत्रातली चूक त्या खोलीत एकट्या बुवांनी पकडली होती.

माझ्या पिशवीत दोन माइकचा इंटरफेस होता, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपला देणारी डबी, फोकसराइटचा स्कार्लेट. वीज लॅपटॉपच्या यूएसबीतूनच घेतो, ४८ व्होल्टचं बटण आहे, आणि डायरेक्ट मॉनिटरचंही आहे, म्हणजे गायकाला आपला आवाज लॅपटॉपला वळसा न घालता तिथल्या तिथे ऐकू येतो. सोबत शुअरचा एसएम ५७ माइक, जो १९६५ पासून जगभर ढोलापासून गिटारपर्यंत सगळ्यासमोर उभा केला जातो आणि हातातून पडला तरी चालतो. आणि सोनीचे एमडीआर-७५०६ हेडफोन, कान पूर्ण झाकणारे. आजवरच्या खरेदीत सगळ्यात मोलाची कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी हे हेडफोन दाखवतो. माइक काय घेतोय हे ज्याला ऐकू येत नाही, त्याला महागडा माइकही वाचवू शकत नाही. गाणं गोड करून दाखवणारे, बास फुगवलेले हेडफोन या कामाला उपयोगाचे नाहीत. दोष दाखवणारे लागतात.

ते कानाला लावले आणि पहिल्यांदा ऐकू आला तो गूंऽऽ असा आवाज. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की कमी व्हायचा, काढला की परत. जुन्या घरांत हे नेहमीचं. बोर्डला तीन भोकं असतात पण अर्थिंगची तार मागे कुठेच गेलेली नसते. काही जण यावर तोडगा म्हणून तिसरी पिन कापतात. ते कधीही करू नये, शॉक बसतो. मी चार्जर काढून टाकला, सगळं बॅटरीवर घेतलं. आवाज बंद. अर्थिंग नीट करून घ्या, असं मात्र घरच्यांना दोनदा बजावलं.

आता खोली. मी घर फिरून बघतो म्हटलं. प्रत्येक खोलीत टाळी वाजवत हिंडणारा माणूस बघून पोरं हसत होती. सोप्यात टाळी बरी वाजली, देवघरात घुमली. सोप्याच्या आतल्या बाजूला एक काळोखी खोली होती. मातीच्या जाड भिंती, शेणाने सारवलेली जमीन, आणि तीन बाजूंनी छातीएवढी रचलेली भाताची पोती. तिथे टाळी वाजवली आणि तो आवाज तिथेच संपला. परत काहीच आलं नाही. मी पुन्हा वाजवली. अंगावर काटा आला, खरं सांगतो. बेळगावातल्या स्टुडिओंसाठी मी आणि गिऱ्हाईक पैसे ओतून जे करायला बघतो, ते इथे पिकाने करून ठेवलेलं.

त्यामागे कारण आहे. पोत्यांची थप्पी दोन-अडीच फूट जाड, म्हणजे पखवाजाच्या खालच्या आवाजालाही जवळजवळ पुरणारी. आत दाण्यादाण्यांत हवा, त्या फटींतून जाताना आवाजाची ताकद घासून संपते. वरची बाजू ओबडधोबड, त्यामुळे जे परतायचं तेही विखरून. उघड्या राहिलेल्या चौथ्या भिंतीला आम्ही दोन वाकळा टांगल्या.

बुवांना पोत्यांकडे पाठ करून चटईवर बसवलं, पुढ्यात पेटी. पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या या जिल्ह्यात पेटीवाल्याचा कान फसवता येत नाही. माइक पेटीच्या फार जवळ नेला की भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट आधी येते. म्हणून तो बुवांच्या तोंडापासून हातभर लांब, छातीच्या उंचीवर, थोडा पेटीकडे कललेला ठेवला. एसएम ५७ पखवाजाला, डाव्या पुडीवर रोखलेला, तिच्यावर थापलेल्या कणकेपासून वीतभर अंतरावर. तंगड्या गळणारा तो कात्री स्टँड आम्ही वापरलाच नाही. माझा तिपाई स्टँड होता.

बुवांच्या पुढ्यात कुठला माइक लावला हे सांगायचं राहिलं. पोराचाच, तोच कंडेन्सर. महिनाभर सगळ्यांनी ज्याला नावं ठेवली, त्याला एक्सएलआर केबल लावून ४८ व्होल्ट दिले आणि तो बोलायला लागला. फार महागातला नव्हता, पण नीट होता. बुवांच्या आवाजातली खरखर, ओळ संपतानाचा तो किंचित कंप, सगळं आलं. पोरगा हेडफोन लावून ऐकत होता. त्याने बराच वेळ ते काढलेच नाहीत.

खरा प्रश्न टाळांचा. टाळ त्याच खोलीत वाजले तर माइकला दुसरं काही ऐकूच येत नाही. आणि टाळ नंतर वेगळे भरू म्हटलं तर बुवा गाणार नाहीत. भजन वेगवेगळं करून शिवता येत नाही. समोरून झेल आला, म्हणजे टाळकऱ्यांनी ओळ उचलून म्हटली, तरच बुवांची पुढची ओळ निघते. या दोन्ही माइकना पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं. म्हणून टाळकऱ्यांना मी बाहेर सोप्यात उभं केलं, बुवांच्या बरोबर समोर, म्हणजे त्यांच्या माइकच्या पाठीशी. मधलं दार सताड उघडं. बुवांना सगळे दिसत होते. अंतर तीन मीटरचं, आवाजाला नऊ मिलिसेकंद लागले असतील. ते कुणालाच जाणवले नाहीत.

पातळी मी मुद्दाम खाली ठेवली, सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आत, म्हणजे आवाज फाटतो त्या शून्याच्या बराच खाली. २४ बिटमध्ये, म्हणजे बारीक मापाने, घेतलं की मंद आवाज नंतर उचलता येतो. फाटलेला आवाज कशानेच शिवता येत नाही, आणि भजन रंगलं की माणसं तपासणीच्या वेळेपेक्षा किती तरी मोठ्याने गातात.

मग सुरू झालं. पहिला अभंग चाचपडत गेला. दुसऱ्यात बुवा माइक विसरले. गौळणीला लय चढली आणि मध्यावर लाईट गेली. खोलीत मिट्ट अंधार. माझ्या लॅपटॉपचा तेवढा उजेड. सगळं बॅटरीवर, त्यामुळे रेकॉर्डिंग चालूच. कुणी थांबलं नाही. बुवांना वही लागतच नव्हती. सोप्यातून झेल येत राहिला, आणि माझ्या कानात एक फरक पडला. स्वयंपाकघरातल्या फ्रिजची बारीक घरघर बंद झाली होती, जिच्याबद्दल मी घरच्यांना कसं सांगावं याचा विचार करत होतो. त्या दिवसाचं सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग ती गौळण आहे.

नंतर सोप्यात बसून सगळ्यांनी ऐकलं. बुवा मान हलवत होते. एका ठिकाणी ते म्हणाले, "हितं माझ्या गुरूंची जागा हाय बघ," आणि पोराला ती ओळ पुन्हा लावायला सांगितली. पोराने ती गुणगुणून बघितली. बुवांनी दुरुस्त केली. पुन्हा म्हणायला लावली. पखवाजवालाही सरसावून बसला. मी चहा घेत बाजूला बसलो आणि पुष्कळ वेळ तसाच बसून राहिलो.

निघताना खजिनदारांनी विचारलं, आता आणखी काय घ्यावं लागेल? त्यांना वाटलं मी नवा माइक सांगणार. मी सांगितलं, माइक आहे तो ठेवा. ते रंगीत कार्ड कुणाला वाढदिवसाला हवं असेल तर द्या. साधा दोन माइकचा इंटरफेस घ्या, जड तिपाई स्टँड घ्या, दोन चांगल्या केबल आणि एक बंद हेडफोन. सामान घ्यायची माझ्या आवडीची ठिकाणं त्यांना लिहून दिली. फोमचं काय, असं पोराने विचारलं. राहू दे म्हटलं, दुपारी माडीवर झोपायला बरं.

खजिनदारांनी सगळं वहीत उतरवलं आणि मग एकदम म्हणाले, "पण पोती माघात गिरणीला जातात की." खरंच होतं. भात कांडायला गेलं की खोली रिकामी. मग तिथेच ठरलं, उरलेल्या चाली त्याआधी घ्यायच्या. बुवांनी बसल्या बसल्या बोटांवर मोजायला सुरुवात केली, कुठला अभंग, कुठली चाल, आणि पोरगा भराभर लिहून घ्यायला लागला.