राजानं चात्या जाळल्या, मग कपडे?

वडोद्यात दांडिया बाजारातल्या एका मंडळात रविवारी सकाळी मी मुलांना मराठीतून गोष्टी सांगते. मुलं दुसरी-तिसरीतली, शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी, मराठी आजीपुरतं. गोष्ट सांगायची म्हणजे वाघाचा आवाज काढायचा, असं लोकांना वाटतं. खरा वेळ जातो तो घरातून गेलेल्या वस्तूंवर: जातं, उखळ, कणगी, फडताळ. मंडळाचा दंडक असा की कठीण शब्द आधी फळ्यावर लिहायचे, समोर अर्थ, मुलांनी ते उतरवून घ्यायचे आणि मग गोष्ट. तोवर निम्म्यांचा जीव पाण्याच्या बाटलीत अडकलेला असतो.

त्या दिवशी शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची गोष्ट होती. यादीत पहिलाच शब्द 'चाती', म्हणजे सूत कातायची फिरती टोकदार काडी. मी तो लिहिला नाही. मंडळाच्या बाई मागच्या खुर्चीवरून बघत होत्या.

कारण साधं होतं. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत (1857 ची आवृत्ती) राजकन्येला चाती टोचेल या शापाच्या भीतीनं राजा राज्यातल्या सगळ्या चात्या जाळायला लावतो. म्हणजे पंधरा वर्षांच्या राजकन्येनं चाती कधी पाहिलेलीच नाही. मनोऱ्यातल्या म्हातारीला ती विचारते, हे गरगर उड्या मारतंय ते काय? जे माझ्या पोरांना ठाऊक नाही, ते तिलाही नाही. फळ्यावर आधीच अर्थ देऊन तिचा प्रश्न कशाला मारायचा?

तिनं विचारलं, तेव्हा मी पिशवीतून टकळी, म्हणजे हातानं फिरवायची चाती, काढली. शेजारच्या खादीवाल्या काकांकडून ती आणि पेटीचरखा मागून आणला होता. "रेंटियो! गांधीजींचा!" पेटी उघडताच एकच गलका. एक मुलगी मात्र हटून बसली. "मावशी, हा टोचेल कसा? गांधीजींना तर नाही टोचला."

मला हेच हवं होतं. पिंजलेल्या कापसाचा पेळू हातात घेतला, चाक फिरवलं. सूत चातीशी तिरकं धरलं की प्रत्येक फेऱ्याला टोकावरून निसटतं आणि त्याला पीळ बसतो. काटकोनात आणलं की चातीवर गुंडाळलं जातं. म्हणून टोक मोकळं आणि निमुळतं लागतं. प्रत्येकानं त्यावर बोट टेकवलं, काहींनी लगेच झोपून दाखवलं. पुस्तकांतल्या चित्रांत म्हातारीपुढे हटकून मोठं चाक असतं. पेरो या फ्रेंच लेखकानं हीच गोष्ट आधी सांगितली होती, त्याच्या 1697 सालच्या गोष्टीत मात्र ती चाक न वापरता हातातल्या चातीवर कातते, म्हणून टकळीच जास्त जवळची. चित्रकारांना हे कोणी सांगत नाही, आणि ते विचारतही नाहीत.

मग एका मुलानं, त्याच्या घरचं कापडाचं दुकान आहे, हात वर केला. "सगळ्या चात्या जाळल्या तर पंधरा वर्षं लोकांनी घातलं काय?"

इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. चाती नाही तर सूत नाही, सूत नाही तर कापड नाही. "जुनेच कपडे," एक म्हणाली. "पण बाळं मोठी होतात ना!" दुसरी म्हणाली. शेवटी त्या मुलानंच निकाल दिला, "सुरतेहून मागवत असतील." वर्गाला ते पटलं. मग ज्या बायका सूत कातून पोट भरायच्या त्यांचं काय झालं, यावर वाद सुरू झाला आणि राजकुमार दारातच ताटकळला.

बाई नंतर म्हणाल्या, "अहो, गोष्ट भरकटली. शब्द तर एकच झाला!" त्यांचा हिशेब बरोबर आहे. यादीतले बाकीचे शब्द राहिलेच. पण ज्यांची चाती गेली त्यांना राजानं भरपाई दिली का, हे मुलांनी मला पुढच्या रविवारी सांगायला बजावलंय, आणि दोन्ही पुस्तकं परत चाळूनही त्याबद्दल एक ओळ सापडलेली नाही.