खोक्यातली शेवंती

आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहाला एक विधी असतो. प्रेशर कुकरचा रिकामा खोका मी शेवंतीच्या कुंडीवर पालथा घालते. सकाळी आठला काढते. आल्यागेल्याला वाटतं, झाडाला शिक्षा केली आहे.

झाड जानेवारीत आणलं. तेव्हा पांढऱ्या फुलांनी नुसतं गच्च होतं. नर्सरीवाला म्हणाला, "डेझी आहे मॅडम. घरात ठेवा, काही करावं लागत नाही." मी आजवर मारलेल्या प्रत्येक झाडाबरोबर हे वाक्य फुकट मिळालेलं आहे. आई आली, तिने एक पान चुरगळून नाकाशी नेलं आणि निकाल दिला, "कसली डेझी, शेवंती आहे ही." तसा तो अगदीच खोटं बोलला नव्हता म्हणा. डेझी, शेवंती, झेंडू, सूर्यफूल, सगळी एकाच घराण्यातली. एक फूल म्हणून आपण खुडतो तो बारक्या फुलांचा अख्खा गुच्छ असतो, आणि पाकळी म्हणतो तेही एकेक फूलच.

तो चुरगळलेल्या पानाचा वास. कडवट, थोडा औषधी. वाईला आजीच्या परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर पिवळी शेवंती माजलेली असायची. दिवाळीच्या सुट्टीत तिच्यातून चालताना फ्रॉकला तोच वास लागायचा. एकदा रात्री मांजराची पिल्लं शोधायला मी बॅटरी घेऊन परसात गेले, तर ओट्यावरून आजी ओरडली, "बॅटरी मालव आधी! झोपलीत ती." मला वाटलं, पिल्लं सापडली. तर ती शेवंतीबद्दल बोलत होती. दिवेलागणीनंतर फूल तर सोडाच, पानसुद्धा तोडू द्यायची नाही. पिल्लं शेवटी पाणी तापवायच्या बंबामागे सापडली, दोन पांढरी आणि एक कोणासारखंच नसलेलं.

तर आमची डेझी. फुलं वाळल्यावर छाटली, बुडातून फुटवे आले. उन्हाळ्यात शेंडे खुडत राहिले, म्हणजे झाड पसरतं. तरी ते उंचच होत गेलं. कारण नंतर कळलं: कुंडीतल्या शेवंतीला बुटकी राहावी म्हणून औषध देतात, त्याचा अंमल उतरला की ती आपल्या मूळच्या वळणावर जाते. काठी लावली. पाण्याला मी बोट खुपसून बघते, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच घालते, तेही बुडाशी, पानांवर नाही. घरातल्या इतर कोणी पाणी घातलेलं मला चालत नाही. खिडकीतली जागाही तिचीच. माझी खुर्ची हलली.

ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, नोव्हेंबर अर्धा झाला. पानं हिरवीगार आणि कळीचं नाव नाही. खत घातलं. आणखी पानं.

मग एका फूलशेतीवाल्या ओळखीच्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "हॉलमधला दिवा किती वाजता बंद होतो?"

बारा. मॅच असली की एक.

शेवंतीला कळी धरायला मोठी, सलग रात्र लागते. अंधार मधेच मोडला की तिच्या लेखी दिवस अजून मोठेच असतात. त्यांच्याकडे फुलं लांबवायची असली तर पिकावर रात्री बल्ब लावतात, लवकर हवी असली तर काळं कापड ओढतात. माझ्याकडे खोका होता.

आता महिना होत आला. काल खोका उचलला तर शेंड्यावर वाटाण्यापेक्षा लहान, घट्ट मिटलेल्या हिरव्या गाठी. अकरा मोजल्या. दोनांवर काळा मावाही होता. तो जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने काढला, श्वास रोखून, एकही कळी न हलवता. रंग दिसेपर्यंत खोका चालूच ठेवा, असं फोनवर बजावलंय.

पण शुक्रवारी चार दिवसांसाठी लग्नाला जायचंय. संध्याकाळी खोका घालायचा कोणी, मुख्य म्हणजे सकाळी आठवणीने काढायचा कोणी? शेजारच्या काकू तयार आहेत, पण त्यांना पाणीही घालायचंय. त्यावरून घरात कालपासून वाद चाललाय, आणि माझ्या बाजूने कोणी नाही.