सात फुटी बोटीतून ब्लिसवर्थचा बोगदा

नॅरोबोट म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांवरची लांबट, अरुंद बोट. तिचं सुकाणू डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे वळते. हे अंगवळणी पडायला गेटनचा फाटा ते ब्लिसवर्थ गाव एवढं अंतर लागतं. वेगमर्यादा ताशी 4 मैल. काठाला बांधलेल्या बोटी दिसल्या की तोही वेग कमी करायचा, नाहीतर आतल्या माणसाचा चहा हिंदकळतो आणि तो खिडकीतून डोकं काढून तसं सांगतोही. काठावरून कुत्रं फिरवणाऱ्या एक आजी आम्हाला मागे टाकून गेल्या.

आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. बोट नवऱ्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या गृहस्थांची. घर विकून हे काका आणि काकू बारमाही तिच्यावरच राहतात. लांबी एखाद्या बसहून जास्त, रुंदी मात्र जेमतेम 7 फूट. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने मिडलंड्समधल्या, म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागातल्या कालव्यांची लॉक (बोट वर-खाली न्यायचे पाण्याचे दरवाजेबंद कप्पे) साधारण 7 फूट रुंद ठेवली, आणि आजही बोटी त्याच मापात बांधतात. आत स्वयंपाकघर, लाकडाची शेगडी, पलंग सगळं एकामागून एक. मधून जाताना समोरून कुणी आलं तर एकाने मागे सरायचं. पूर्वी अशाच बोटींतून कोळसा जायचा. मालाने बहुतेक जागा व्यापलेली, आणि शेपटाकडच्या खोपटाएवढ्या केबिनमध्ये अख्खा संसार. हे ऐकल्यावर त्यांच्या फ्रिजचं कौतुक करायला मी कचरले.

ब्लिसवर्थचा बोगदा म्हणजे या दिवसाचा गाभा. लांबी 2.8 किलोमीटर, काठाची वाट नाही. पहिला खोदकामाचा प्रयत्न फसला, तेव्हा टेकडीवरून घोड्यांची रूळवाट टाकून माल पलीकडे नेत. बोगदा खुला झाला 1805 साली. तेव्हा या बोटींना इंजिनं नव्हतीच. बोट ओढणारा घोडा सोडून टेकडीवरून चालवत न्यायचा आणि बोट माणसांनी पायांनी ढकलायची. फळीवर आडवं पडून, भिंतीवर पाय रोवून, काळोखात, इंच इंच. पुढे 1871 मध्ये वाफेच्या टग, म्हणजे बोटी ओढणाऱ्या बोटी, आल्या, तेव्हा त्यांची सुटका झाली.

आमच्याकडे डिझेल इंजिन आणि पुढे एक दिवा, तरी अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला. हवेच्या झरोक्यांखाली वरून पाणी कोसळतं, म्हणून कडक उन्हाच्या दिवशीही काकूंनी रेनकोट हातात दिले. समोरून बोट आली की उजवीकडे राहायचं. गाडी डावीकडून चालवणाऱ्या या देशात कालव्याचा नियम उलटा. मधल्या भागात विटांच्या जागी काँक्रीटची गुळगुळीत कडी लागतात, ती 1980 च्या दशकातल्या दुरुस्तीची. तिथे मला बोगदा एकदम नीरस वाटला, खरं सांगते. ओल्या विटांना चेहरा असतो.

बाहेर पडलं की स्टोक ब्रुअर्न. जुन्या धान्याच्या गिरणीत कालव्याचं संग्रहालय आहे, समोर पब. तिथल्या ‘पाय’ या पदार्थाबद्दल न बोललेलं बरं. खरं काम त्यानंतर सुरू होतं, कारण इथून खाली सात लॉक आहेत.

उतरताना लॉक आधी काठोकाठ भरलेलं हवं. बोट आत, वरचे दरवाजे बंद, मग चावीसारख्या लोखंडी दांड्याने खालच्या झडपा उचलायच्या. पाणी घुसळत निघून जातं आणि बोट हिरव्या भिंतींच्या मधे खाली खाली जाते. वरच्या दरवाजांपाशी पाण्याखाली उंबरा असतो. बोटीचं शेपूट त्यावर टेकलं तर मागचा भाग वर अडकतो आणि पुढचा पाण्यात, म्हणून काठावरची पांढरी रेघ सोडून पुढेच राहायचं. काकांनी हे एवढ्या वेळा बजावलं की नवरा दर वेळी आधी रेघ शोधायचा, मग दोर.

दरवाजे वरच्या पाण्याच्या दिशेला टोक करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरतो. दोन्हीकडची पातळी एक झाल्याशिवाय कितीही जोर लावा, हलत नाहीत. झाली की पाठ टेकवून दरवाजाची तुळई हळूच सरकते. ही लॉक 14 फुटी, दोन बोटी शेजारी शेजारी मावतात. दुसरी बोट थोडं थांबून बरोबर घेतली तर पाणी वाचतं, म्हणून आम्ही मागून येणाऱ्या एका कुटुंबासाठी थांबलो. त्यांच्या दोन पोरी दरवाजे ढकलण्यात आमच्याहून तरबेज निघाल्या.

शेवटच्या लॉकखाली बोट बांधेपर्यंत तळहात लाल झाले होते. काकू म्हणाल्या, पुढच्या महिन्यात परत वर जायचंय, याल ना? पण हातमोजे घेऊन या.