बत्तीस पानी मुलगा

माझ्या मुलाचा रिपोर्ट ३२ पानी होता. आर्ट पेपर, रंगीत छपाई, स्पायरल बाइंडिंग. दहावीचे पेपर संपून पंधरा दिवस झाले होते. क्लासवाल्यांनी पालकांना हॉलमध्ये बोलावून सांगितलं, की दहा बोटांचे ठसे घेतले की मुलाच्या मेंदूचा कुठला भाग किती चालतो ते कळतं, मग सायन्स की कॉमर्स हा प्रश्नच उरत नाही. फी ५,५०० रुपये. कोपऱ्यात एक मुलगी लॅपटॉपला जोडलेल्या काडेपेटीएवढ्या यंत्रावर पोरांची बोटं टेकवून घेत होती. सोलापूरचा एप्रिल आणि एवढ्या हॉलला दोनच पंखे. घामेजलेली बोटं पुसायला तिनं नॅपकिन ठेवला होता, तो आमच्याच कारखान्यातला निघाला. तेवढ्यावर मी खूश होऊन रांगेत उभी राहिले.

रिपोर्टमध्ये आठ प्रकारच्या बुद्धिमत्तांची टक्केवारी होती. संगीत दुसऱ्या नंबरवर, तर्क सहाव्या. संध्याकाळी मी ह्यांना त्यातला स्वभावाचा भाग वाचून दाखवला. हे म्हणाले, "अगदी आपलं पोरगं. एवढं तर मलाबी माहीत नव्हतं."

दोन दिवसांनी जाऊबाई त्यांच्या मुलीचा रिपोर्ट घेऊन आल्या. त्यांनीही तिथंच पैसे भरले होते. आता मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी पुतणीच्या रिपोर्टमधलं तेच पान उघडलं आणि ह्यांना म्हणाले, परवा एक भाग राहिला होता, ऐका. वाचलं. हे चहा ढवळत म्हणाले, "बरोबर आहे की." मी काही बोलले नाही. पण त्या रात्री ५,५०० रुपये डोळ्यांसमोरून हलेनात.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या युनिटमध्ये क्वालिटी बघते, एकोणीस वर्षं झाली. आमच्या कामात मापावर विश्वास ठेवण्याआधी मापाचं माप घ्यावं लागतं. गोल कटरनं १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापायची, तोलायची, आलेल्या ग्रॅमला शंभरनं गुणायचं की जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, मिळतो. एकाच टॉवेलचा एकदा ४५० आणि एकदा ५२० आला, तर आम्ही टॉवेलला दोष देत नाही, आधी काटा तपासतो. मग मुलाच्या बाबतीत मी काटा न तपासताच वजन मान्य केलं होतं.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, पाचव्या महिन्याच्या आसपास, पक्क्या होतात आणि पुढं बदलत नाहीत. पोलीस त्यांच्या भरवशावर माणूस ओळखतात. म्हणजे बोटं तीच तर रिपोर्टही तोच यायला हवा. मे महिन्यात जुळे सोलापुरात एका उन्हाळी शिबिरात हीच चाचणी ९९९ रुपयांत होती. मुलाला पुतण्याच्या नावानं बसवलं. खोटं बोलले, मान्य आहे. या रिपोर्टमध्ये संगीत सहाव्या नंबरवर गेलं आणि "उपजत नेतृत्वगुण" वर आले. मुलगा म्हणाला, "आई, आणखी दोनदा केलं तर मी कलेक्टरच होतो."

मला जिंकल्यासारखं वाटलं, पण ते खरं नव्हतं. समजा दोन्ही रिपोर्ट अक्षर न् अक्षर जुळले असते, तरी काय सिद्ध झालं असतं? यंत्र रेषा नीट वाचतं, एवढंच. रेषांचा गाण्याशी संबंध आहे की नाही हा प्रश्न तसाच राहिला असता. पुतण्याच्या अकरावीच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात यासाठी दोन वेगळे शब्द सापडले. पुन्हा पुन्हा मोजलं तरी तेच येणं म्हणजे विश्वसनीयता, आणि जे मोजायचं म्हणता तेच मोजलं जाणं म्हणजे यथार्थता. आमची चाचणी पहिल्याच पायरीवर घसरली होती. आणि हे काही मी नव्यानं शोधलेलं नाही. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनं २०१९ मध्येच या ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलेलं आहे. ते मला पैसे भरून झाल्यावर कळलं.

सासऱ्यांना हे सगळं समजल्यावर ते म्हणाले, त्यापेक्षा पत्रिका दाखवायची. त्यावरून मला नारळीकरांची चाचणी आठवली. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकरांनी, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन, २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या होत्या. १०० हुशार मुलांच्या, १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या आणि एवढंच विचारलं, यातलं हुशार मूल कोणतं? २७ ज्योतिषांनी उत्तरं दिली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. सासरे म्हणाले, "चांगले ज्योतिषी उतरलेच नसतील." असेलही. पण मला त्यातली रीत आवडली. नावं झाकायची, निवडायला लावायचं, आणि नुसत्या नशिबानं किती बरोबर येतील ते आधी काढून ठेवायचं.

दिवाळीनंतर कारखान्यात नवीनच सुरू झालं. आमचे धाकटे शेठ एमबीए करून पुण्याहून आले, ते डोक्यात चार अक्षरं घेऊनच. प्रश्नावली भरून घेऊन स्वभावाच्या चार पट्ट्यांवर (बहिर्मुख की अंतर्मुख, अशा) माणूस कुठल्या बाजूला ते बघायचं, प्रत्येक पट्टीचं एक अक्षर, असा प्रत्येक सुपरवायझरचा सोळापैकी एक 'टाइप' काढायचा आणि त्यावरून कुणाला डाइंगला, कुणाला शिलाईला, कुणाला डिस्पॅचला टाकायचं ते ठरवायचं. मी म्हणाले, नवीन मशीन घेतो तेव्हा ट्रायल घेतो ना, याचीही घेऊ. ते हसून हो म्हणाले. बहुतेक त्यांना वाटलं मी विसरेन.

आधी मी घरच्या मैदानावर एक खेळ केला. भिशीच्या बायकांकडून डिसेंबरात चार-चार ओळी लिहून घेतल्या. माझी एक मैत्रीण अक्षरावरून स्वभाव सांगते, म्हटलं. अशी मैत्रीण कुणी नाही. मग गड्डा यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, वाणाच्या नॅपकिनबरोबर प्रत्येकीला नाव घातलेलं बंद पाकीट दिलं. आत हे होतं:

"तुम्ही वरून कणखर दिसता, पण मन हळवं आहे. घरच्यांसाठी खूप करता आणि त्याची म्हणावी तशी दखल घेतली जात नाही. अन्याय दिसला की राग येतो, पण नातं तुटू नये म्हणून पुष्कळदा गप्प बसता. एखादा जुना निर्णय अजून टोचतो. तुमच्यातला एक गुण आजवर वापरायलाच मिळाला नाही."

सतरा बायका. एरवी आमच्या हळदीकुंकवात कानी पडलेलं ऐकू येत नाही, तिथं चिडीचूप. शेजारच्या काकू, ज्या घरी तेलुगू बोलतात आणि भांडताना मराठी, त्यांनी कागद दोनदा वाचला आणि पदर डोळ्याला लावला. "दखल घेतली जात नाही, हे एकदम खरं बघा. अक्षरातनं कसं कळतंय हो हे?" मी पाचपैकी मार्क द्यायला सांगितले. सात जणींनी ५ दिले, सहा जणींनी ४, तिघींनी ३, आणि एका शाळामास्तरणीनं २. सरासरी ४.१.

मग म्हटलं, आता कागद डावीकडच्या बाईला द्या.

पहिले दहा सेकंद काहीच झालं नाही. मग कोपऱ्यातून कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं आणि हशा फुटला. जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. "चेष्टा करायलीस व्हय आमची?" म्हणून तिळगूळ न घेताच निघाल्या आणि पंधरा दिवस बोलल्या नाहीत. त्यांचा राग रास्त होता. फसवून केलेल्या प्रयोगात आपण शहाणे ठरतो आणि समोरचा मूर्ख, हे मला आधी सुचायला हवं होतं.

हा खेळही माझा नाही. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ३९ विद्यार्थ्यांना एकच मजकूर 'तुझा खास अहवाल' म्हणून दिला होता. त्यांच्या मार्कांची सरासरी ४.२६ आली. मजकुरातली बरीचशी वाक्यं त्यानं राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतली होती. माझी वाक्यं मी आमच्याच भिशीत ऐकलेली. तेव्हापासून मी एक करते: रिपोर्टमधलं वाक्य उलटं करून बघते. "मी वरून हळवी आणि आतून दगड आहे" असं कुणी कबूल करेल का? नसेल, तर मूळ वाक्यानंही काही सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत कारखान्याची पाळी आली. चौदा जण. इंटरनेटवरची सोळा टाइपांची फुकट प्रश्नावली घेतली. मूळ, अधिकृत चाचणी म्हणजे एमबीटीआय, इसाबेल मायर्स आणि तिची आई कॅथरीन ब्रिग्ज यांनी स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या १९२१ च्या पुस्तकावरून बेतलेली. आमची तिची नक्कल. प्रश्न इंग्रजीत, म्हणून भाषांतर मीच केलं आणि तिथंच पहिली चूक झाली. "पार्टीत अनोळखी लोकांशी बोलता का?" यावर शिलाईच्या सुपरवायझरनं विचारलं, "पार्टी म्हंजे प्यायची का, मॅडम?" मी पार्टीचं लग्न केलं. पण आमच्या पूर्व भागातल्या लग्नात अनोळखी कोण असतं? मग सगळेच बहिर्मुख निघाले. शेवटी "रेल्वेच्या डब्यात" केलं, तेव्हा कुठं उत्तरं वेगवेगळी यायला लागली. एका शब्दानं माणसाचं अक्षर बदलतं, हे धाकट्या शेठना मी लगेच सांगितलं. त्यांनी "हं" म्हटलं.

पाच आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा. चौदापैकी पाच जणांचं निदान एक अक्षर बदललं. आकडे काढले तर पाचही जण कुठल्या ना कुठल्या पट्टीच्या मधोमध होते, एका-दोन उत्तरांनी इकडचे तिकडे झालेले. हे मला टॉवेलवरून लगेच समजलं. ४५० ला रेघ मारून खालचे 'हलके' आणि वरचे 'जड' असा शिक्का मारला, तर ४४८ आणि ४५२ हे सख्खे भाऊ वेगळे पडतात आणि ४५२ मात्र ६०० च्या पंगतीला बसतो. बरं, बहुतेक माल मधल्याच वजनाचा असतो. रेघ नेमकी गर्दीतून जाते. शिवाय हवा असतेच. सुती माल ओलावा ओढतो, म्हणून प्रयोगशाळेत ६५ टक्के आर्द्रता धरून तोलतात. आमची पहिली फेरी पगाराच्या आठवड्यात झाली, दुसरी एक ऑर्डर रद्द झाली त्या आठवड्यात. माणसांची आर्द्रता मी धरलीच नव्हती.

मग नारळीकरांची रीत. प्रत्येकाला तीन वर्णनं दिली, एक त्याचं, दोन दुसऱ्यांची, नावं झाकून. आपलं ओळखा. नुसत्या अंदाजानं चौदात चार-पाच बरोबर यायला हवीत. संख्याशास्त्र शिकणाऱ्या भाच्यानं हिशेब करून दिला, की ९ किंवा जास्त नशिबानं येण्याची शक्यता शंभरात दोनही नाही. म्हणून "९ आले तर मी हरले" असं आधीच लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

आले ८.

आता काय करायचं? भाचा म्हणाला, ८ किंवा जास्त नशिबानं शंभरात जवळजवळ सहा वेळा येतात, धड इकडे ना तिकडे. मला मनातून ते ८ पाडायचे होते आणि धाकट्या शेठना ९ म्हणायचे होते. आम्ही दोघांनीही आकड्याला हात लावला नाही, एवढं मात्र खरं. पण मला वाटतं, इथं थोडी ओळख पटणारच. "मला शांत बसायला आवडतं" असं मीच लिहिलं, तर "तुम्ही शांत आहात" हे वाक्य मला ओळखू येईल. चाचणीनं माझंच बोलणं इस्त्री करून परत दिलं. म्हणून तोच खेळ दुसऱ्या बाजूनं केला. त्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं एकाच पाळीत काम केलेल्या साथीदाराला ती तीन वर्णनं दिली. चौदापैकी ५ बरोबर.

धाकट्या शेठना मात्र यातल्या कशानं हलवलं नाही. एका दुपारी मी त्यांना दाखवलं, की मूळ चाचणी विकणारेच सांगतात, ही भरतीसाठी किंवा काम वाटण्यासाठी वापरू नका. तेव्हा त्यांनी फाइल बंद केली. "मग मी माणूस निवडू कसा?" मी म्हणाले, शिलाईचा पाहिजे तर दोन दिवस मशीनवर बसवा, डिस्पॅचचा पाहिजे तर एक कंटेनर भरून घ्या. त्यांनी तसं दोघांच्या बाबतीत केलं. एक टिकला, एक कडक भाकरी-चटणीचा डबा घेऊन आला आणि दुपारनंतर दिसलाच नाही.

मुलगा सायन्सला गेला, त्याच्याच हट्टानं. क्लासवाल्यांकडे मी दोन्ही रिपोर्ट घेऊन गेले होते. पैसे परत मिळाले नाहीत, पुन्हा ठसे घेण्यासाठी ५० टक्के सवलतीचं कूपन मिळालं.

सध्या मी टाइप सोडून पाच स्वभावगुणांची प्रश्नावली लावली आहे. तिच्यात शिक्का नसतो, प्रत्येक गुणाचा नुसता आकडा असतो, त्यामुळे ४४८ हा ४४८ च राहतो. पहिली फेरी झाली. दुसरी श्रावणात घ्यायची आहे, पण मधल्या काळात दोघं नोकरी सोडून गेले. भाचा म्हणतो, बारा जणांवर काही ठरत नाही, अजून माणसं आण. भिशीतल्या बायकांना विचारायला मी काकूंना पुढं केलंय. जाऊबाईंनी एकच अट घातली आहे, की पाकिटं त्या स्वतः बंद करणार.